नावेतली हिरोईन आणि आमचे अण्णा

लोक सिनेमातल्या जागा बघायला परदेशात जातात, आम्ही सिल्वासाला गेलो. कारण आमचे अण्णा. तिथल्या खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात असताना त्यांनी एका गाजलेल्या हिंदी सिनेमात काम केलंय. म्हणजे, पाठीने केलंय! हिरोला पाण्याची भीती, म्हणून तळ्यात लांबून दिसणाऱ्या नावेत त्याच्या जागी अण्णा आणि खांद्यावर डोकं टेकून हिरोईन. "अत्तराचा वास आठ दिवस गेला नव्हता," हे ते प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतात. आईने तो सिनेमा आजवर पाहिलेला नाही. टीव्हीवर लागला की ती भांडी घासायला उठते, तीही आपटून.

आता अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधी त्यांना एकच हवं होतं, त्याच तळ्यात आईसोबत नावेतला फोटो.

नाशिकहून पेठ-कपराडामार्गे निघालो. घाट देखणा, खड्डे दांडगे. पोट रिकामं ठेवूनच निघा. ते सिल्वासातल्या आमलीत सेव-खमणीने भरा, स्वस्त आणि झक्कास. आमच्या जुन्या भाड्याच्या खोलीच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय. अण्णांनी दुकानदारालाही नावेची गोष्ट ऐकवली. "क्या बात है, काका," म्हणत त्याने त्यांना एक कव्हर विकलं.

शूटिंग झालेली दादऱ्याची बाग तिथून गाडीने जवळच, तिकीट किरकोळ. पूल, तळं, झाडी, सगळं आधी पाहिल्यासारखं वाटतं, कारण हिंदी सिनेमावाल्यांनी इथल्या एकाही झाडाला फेऱ्या मारायचं सोडलेलं नाही. नाव मात्र आता पायडलची. आणि काठावर आई अडून बसली.

"मी नाही यायची. तिलाच बोलवा. ऑपरेशननंतर पाय चेपायलाही तिलाच बोलवा!"

अण्णांचं तोंड एवढंसं झालं. मला दोघांचाही राग आला. कंबर माझी मोडली होती ना गाडी चालवून! मग अण्णांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला.

"अगं, हिरोईनपण घाबरली होती पाण्याला."

"मग?"

"भिका होता. घागरा घालून."

भिका म्हणजे त्यांच्या शेजारच्या मशीनवरचा धुळ्याचा गडी. दर सुट्टीला आमच्याकडे जेवायला.

"मेला! माझ्या हातचं भरीत खाऊन गेला अन् एका शब्दाने बोलला नाही?" आईचे डोळे विस्फारले. "अन् अत्तर?"

"मशीनचं तेल."

आई आधी भडकली. "म्हणजे मी एवढी वर्षं भिक्यावर जळले?" मग पदर तोंडात कोंबून जी हसायला लागली, ती थांबेचना. शेवटी स्वतःच नावेत जाऊन बसली. "या आता. गुडघे तुमचे गेलेले, म्हणजे पाय मीच मारायचे!"

फोटो हलला, कारण मीही हसत होते. तरी फ्रेम करून घेतलाय.

परतल्यावर चुलतभाऊ भेटायला आला. फोटो बघून त्याने खोचकपणे विचारलंच, "काकू, आता खरं सांगा, नावेत हिरोईन होती का हो?"

अण्णा ताटातली भाकरी उगाच कुस्करत राहिले.

"होती तर!" आई म्हणाली. "मी स्वतः जागा बघून आले. अजून अत्तराचा वास येतो तिथे."