मिरचीला गेलेले आणि मस्कतला गेलेले

आमच्या गावात एखाद्या घराला कुलूप दिसलं की शेजारी सांगत, "मिरचीले गेले." धान निघालं की गावातली कितीतरी माणसं आंध्रात मिरची तोडायला जात आणि उन्हाळ्यात परतत. मजुरी बरीचशी मिरचीतच मिळे. परत आलेलं माणूस शेजारच्या घरी ओंजळभर लाल मिरची पाठवी. कोण आलं ते त्यावरूनच कळायचं.

माझे बाबा मस्कतला वेल्डर होते. ते दोन वर्षांतून एकदा येत. साबण, अत्तर आणि एक जाड ब्लँकेट आणत. त्यांच्या कमाईवर मी ब्रह्मपुरीच्या इंग्रजी शाळेत शिकले. माझी मराठी पुस्तकी झाली होती, म्हणून गावात मी कमी बोलत असे. दाराआडून ऐकत मात्र असे.

एका हिवाळ्याच्या शेवटी गावच्या शाळेतले गुरुजी मतदार यादीसाठी घरोघर फिरत होते. शेजारी कुलूप होतं. आईनेच त्यांना सांगितलं, "मिरचीले गेले. येतेत होळीच्या मागंपुढं." गुरुजींनी ती नावं तशीच राहू दिली. मग आमच्या घरी कोण कोण, म्हणून विचारलं.

आईने पदर सावरला. "पोरीचे बाबा मस्कतले हायेत. विमानानं गेले. लय वर्षं झाले आता."

गुरुजी क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मला अठरा वर्षं पूर्ण झाली होती, माझं नाव नव्याने घेतलं. आईने त्यांना परदेशी कपात चहा दिला.

त्या उन्हाळ्यात बाबा निवडणूक साधून सुट्टीवर आले. आधीची निवडणूक त्यांची हुकली होती. ते म्हणायचे, "तिथी जन्म काढला तरी आपण परदेशीच. मत द्याची जागा एकच, आपली शाळा." मतदानाच्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि चहाही न घेता मला घेऊन निघाले.

शाळेच्या वर्गात यादी घेऊन बसलेल्या माणसाने बोट वरून खाली नेलं, पुन्हा वर नेलं. "भाऊ, तुमचं नाव नाई."

"काऊन? बरोबर पाहा."

रांगेत मागे आमचे शेजारी होते, तेच मिरचीवाले. ते हसत म्हणाले, "विमानानं येऊन भाऊचं नाव सापडून नाई राह्यलं, अन् मी ट्रकात मिरचीच्या पोत्यावर बसून आलो त माहं हाये!"

रांग हसली. बाबाही थोडे हसले. मग त्यांनी खिशातून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. "हे पाहा साहेब. मी भारताचाच हावो."

केंद्रावरचे अधिकारी शहरातले होते, पण बोलण्यात उद्धटपणा नव्हता. "त्याबद्दल शंका नाही. पण नाव तिथंच असतं जिथं माणूस राहतो. तुम्ही इथे राहत नाही. कायमचे परत या, नाव पुन्हा लागेल."

बाबांनी पासपोर्ट उचलला, सदऱ्याला पुसला, खिशात ठेवला. मग बाजूला होत मला म्हणाले, "जा बाई, तुहं हाये."

मी मत दिलं. बाहेर येताना शाई लागलेलं बोट ओढणीत लपवलं. घराजवळ आल्यावर बाबांनी हात पुढे केला, माझं बोट बाहेर काढून पाहिलं आणि सोडलं.

परत जायच्या आदल्या दिवशी ते आईला म्हणाले, "आता गुरुजी आले त सांगजो, मिरचीले गेला." आई ब्लँकेटची घडी घालत होती.

पुढच्या यादीच्या वेळी गुरुजी पुन्हा आले. मी दाराआड उभी होते. त्यांनी स्वतःच आईला वाट करून दिली. "तुमचे हे... बाहेरगावी असतील, नाही? येतील लवकर?"

आई उंबऱ्यातच थांबली. या वेळी तिने पदर सावरला नाही. "मस्कतलेच हायेत, गुरुजी."

ते गेल्यावर मी विचारलं, "बाबांनी सांगितलं होतं ना?"

"मिरचीले गेलेला माणूस मिरची घेऊन येते," ती म्हणाली. "आपल्या घरून कोणाच्या दारी कधी ओंजळ गेली? साऱ्या गावाले मालूम हाये. खोटं लिहून नाव राहीन, पण ते इथी राहतेत का?" आणि चुलीकडे वळली. तिचा आवाज रागाचा नव्हता.

बाबांना महिन्यातून एकदा फोन करायचा, त्यासाठी आम्ही बसने ब्रह्मपुरीला गेलो. फोनच्या बूथमध्ये दोघींना जेमतेम जागा होती, त्यामुळे बाबांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"गुरुजी आले होते?"

"आले होते."

"नाव?"

"नाई."

समोरच्या मीटरवरचे लाल आकडे पळत होते. आईने रिसीव्हर घट्ट धरून ठेवला होता.

मग बाबा म्हणाले, "पोरीचं हाये ना?"

"हाये," आई म्हणाली, आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.