उकळीचा शेवटचा तास

आमच्या लालबागच्या डेंटल लॅबमध्ये माणसं तिघंच, पण किस्से इतके की फळीवर कवळ्यांना जागा उरत नाही. चार मित्र जमले की मी सुरू होतो. आज सांगणार त्यातला शेवटचा मात्र आजवर गिळून टाकत आलोय.

आधी थोडं कामाचं. कवळीचं प्लास्टिक म्हणजे पावडर आणि लिक्विड कालवून केलेली कणीक. ती साच्यात भरून गरम पाण्यात शिजवायची आणि शेवटी तासभर खळखळून उकळायची. आत उरलेलं लिक्विड संपावं म्हणून ती उकळी. ते राहिलं तर घालणाऱ्याच्या तोंडाची आग होते.

*

या लिक्विडला नेलपॉलिशसारखा वास येतो. पहिल्याच आठवड्यात आईने माझा शर्ट हुंगला आणि म्हणाली, "नाव काय तिचं?"

मी म्हटलं, "अगं, एका आजोबांची कवळी करत होतो."

"खोटं तरी नीट बोल," आई म्हणाली. तेव्हा मी खरं बोलत होतो, हे आता सांगायलाही लाज वाटते.

*

लॅबचे मालक परबकाका. तयार कवळी दोन दिवस पाण्यात ठेवल्याशिवाय ते कुणाच्या हातात देत नाहीत. एक गृहस्थ हातापाया पडत होते, "उद्या नातीचं लग्न आहे हो, फोटो काढायचेत."

काका म्हणाले, "मग तोंड मिटून हसा. माझ्या लग्नात मीही तसाच हसलो."

*

एकदा वाटीत उरलेलं लिक्विड वाया जाऊ नये म्हणून मी बाटलीत परत ओतलं. वाटीला पावडर लागलेली होती. चार दिवसांनी बघतो तर अख्खी बाटली दगड! काकांनी विचारलं, "कोणी केलं?" मी साचे पुसत राहिलो. शेजारच्या टेबलावरचा फिलिप म्हणाला, "मीच, काका."

"आता याचीच कवळी कर आणि तूच घाल," काका म्हणाले. फिलिप हसला. ती बाटली अजून खिडकीत आहे आणि मी त्या बाजूला बसत नाही.

*

सावंतमामींचं मसाल्याचं दुकान आमच्या समोरच. प्रत्येक घाण्यातला चमचाभर मसाला त्या स्वतः चाखायच्या, मगच पुड्या बांधायच्या. त्यांची कवळी माझ्याकडे आली, त्या दिवशी आमच्या मंडळाच्या गणपतीचं आगमन होतं. काका बाहेर जाताना पूर्ण तासभर उकळायला बजावून गेले. रस्त्यावर ताशा वाजला आणि मी पंधराव्या मिनिटाला शेगडी बंद केली.

काकांनी परत आल्यावर विचारलं, "तासभर उकळवलंस ना?"

"हो," मी म्हटलं.

कवळी घातल्यापासून मामींच्या जिभेची आग व्हायला लागली. आधी त्यांनी मिरचीला दोष दिला. मग मसाल्यातली मिरची कमी केली. गिऱ्हाइकं कुरकुरली, तशा त्या म्हणाल्या, "माझी जीभच गेली रे. वय झालं." चाखायचा चमचा त्यांनी सुनेला दिला आणि स्वतः दारात पुड्या बांधत बसू लागल्या. समोरून जाताना मी मोबाईलमध्ये डोकं घालायचो.

महिन्याने धीर केला. "मामी, जरा पॉलिश करून देतो," म्हणून कवळी मागून घेतली आणि आतलं लिक्विड उतरावं म्हणून तीन दिवस कोमट पाणी बदलत भिजवली. काकांनी भांड्यावरची 'सावंत' ही चिठ्ठी वाचली. त्या दिवसापासून शेवटच्या तासाला ते स्वतः शेगडीपाशी स्टूल टाकून बसतात.

कवळी परत दिली, त्यानंतर आठवड्याने मामी पुडी घेऊन लॅबमध्ये आल्या.

"घे, चाखून बघ. सुनेचा हात बसला हो. इतके दिवस तिचा मसाला जहाल लागायचा, आता अगदी माझ्यासारखा लागतो. चमचा तिला दिला तेच बरं केलं. आता परत नाही मागणार."

काका स्टुलावरून माझ्याकडे बघत होते.

मी पुडी घेतली आणि म्हटलं, "थँक्यू, मामी."