तार सुटलेलं दही आणि तासगावचं विरजण

“एवढी शिकलीस न्हवं? मग सांग, आपल्या दह्याला तार का सुटतीया?”

हा प्रश्न आईचा, आणि मला त्याचं उत्तर येत नाही. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, तीही सूक्ष्मजीवशास्त्रात. पुस्तकातली चार-पाच कारणं मला घडाघडा सांगता येतात. त्यातलं नेमकं कोणतं आमच्या गाडग्यात शिरलंय, ते मात्र सांगता येत नाही. दह्यात चमचा घालून वर उचलला की लाळेसारखा लांब धागा निघायचा. चव ठीक होती, वासही ठीक होता. पण असं दही बघून कोण तोंडात घालेल?

कराडपासून जवळच आमचं गाव. दोन म्हशी, आणि आईचं दही कराडातल्या एका खानावळीत जातं. खानावळवाल्या काकांनी एका शुक्रवारी बरणी परत पाठवली. सोबत निरोप, “वहिनी, सोमवारपर्यंत बघतो. नाहीतर डेअरीच्या पिशव्या लावतो.” ते रागावले नव्हते, म्हणून आईला जास्तच लागलं.

मी म्हटलं, विरजण बदलू. शेजारणीकडून घेऊ. आई म्हणाली, “ह्ये माझ्या आईचं विरजण हाय. लग्नात गाडग्यासंगं आलेलं. दुसऱ्याचं मी घालायची न्हाई.”

“मग मावशीकडचं चालेल?”

“शालनकडं आईचंच असणार की. त्ये चालंल.”

शालन म्हणजे माझी तासगावची मावशी, आईची धाकटी बहीण. आजीचं म्हातारपण, आजारपण सगळं तिनेच केलं, घरही तिच्याकडेच आहे. तर असा माझा प्रवास ठरला. लोक तासगावला द्राक्षं खायला जातात, गणपतीच्या उंच गोपुराचे फोटो काढायला जातात. मी रिकामा डबा घेऊन दही आणायला निघाले.

शनिवारी सकाळी कराडहून विट्याची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हा प्रवास वडापावच्या भावात होतो म्हटलं तरी चालेल. फेब्रुवारीत जाणार असाल तर स्वेटर घ्या आणि दहानंतर तो बॅगेत टाका. रस्ता चांगला आहे, फक्त उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली की देवाचं नाव घ्यायचं. दोन-दोन ट्रॉल्या, प्रत्येकीवर उसाचा डोंगर, आणि वर ट्रॅक्टरवाल्याची गाणी.

वाटेत एका फाट्यावर उतरले. माझी कॉलेजातली मैत्रीण सुप्रिया तिथल्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ती स्कूटीवर घ्यायला आली. कारखाना दिसण्याआधी मळीचा गोड-कुबट वास आला. मला तो आवडतो हे मी कुणाला फारसं सांगत नाही.

सुप्रियाला दह्याचं सांगितलं तर ती हसतच सुटली. “तार? अगं, आम्ही इथं दिवसभर तारेशीच भांडतो.”

तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडून राहिला की त्यात जिवाणू शिरतात. ते साखर खातात आणि चिकट बुळबुळीत पदार्थ तयार करतात. रस घट्ट होतो, गाळायला त्रास, साखर कमी पडते. तिने काचेची कांडी रसात बुडवून वर उचलली. धागा निघाला. मला आमचं गाडगंच आठवलं.

“हे तुझ्या आईच्या दह्यातल्यांचे भाऊबंदच,” ती म्हणाली.

“मग वाईट म्हणायचं यांना?”

“इथं वाईट. पण हाच चिकटपणा शुद्ध केला की दवाखान्यात शिरेतून देतात, रक्त फार गेलेल्या पेशंटला. इडलीच्या पिठातही यांचीच जमात असते. आणि दह्याचे मोठे कारखाने तर घट्टपणा यावा म्हणून मुद्दाम असले जिवाणू निवडून घालतात.”

मी वैतागले. “म्हणजे आईचं दही बिघडलंय की सुधारलंय?”

“ते खानावळवाल्याला विचार.”

तिने मागचा गॅसचा प्रकल्पही दाखवला. डिस्टिलरीचं काळं सांडपाणी मोठ्या बंद टाक्यांत घालतात, तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू त्याचा गॅस करतात आणि तो बॉयलरला जातो. एका आवारात जिवाणूंना मारायला चुना आणि औषधं, दुसऱ्या आवारात त्यांना जपायला तापमानाचे काटे. दोन्हीकडे माणसं तितक्याच काळजीच्या चेहऱ्याने उभी. मला वाटलं होतं इथून काहीतरी स्पष्ट घेऊन निघेन. निघताना डोक्यात आणखी गुंता होता. सुप्रियाचा सल्ला मात्र सरळ होता. “थंडीत दही हळू लागतं, तेव्हा तारवाले जिवाणू पुढे जातात. भांडं उकळ, विरजण बदल, ऊब दे. आणि जुनं विरजण थेंबभरसुद्धा ठेवू नकोस.”

विट्यात एसटी स्टँडसमोर पोळी-भाजीची थाळी खाल्ली, पोट भरलं आणि खिसाही फार हलका झाला नाही. तिथून तासगावची गाडी. हळूहळू ऊस मागे पडतो आणि द्राक्षबागा सुरू होतात. मग बेदाण्याच्या शेड. हिरव्या जाळ्यांच्या थरांवर द्राक्षं पसरलेली, वारा आरपार. एका शेडपाशी गंधकाची धुरी चालू होती, नाकाला झोंबणारी. बेदाण्याचा रंग राहावा आणि त्यावर बुरशी-जिवाणू बसू नयेत म्हणून. म्हणजे इथेही तेच. मला सगळीकडे तेच दिसायला लागलं होतं.

मावशीने दारातच मिठी मारली आणि डबा बघून म्हणाली, “ह्ये काय, डबा रिकामा घिऊन आलीस? आक्कानं काय दिलं न्हाई व्हय?”

येण्याचं कारण सांगितल्यावर ती आत वळली. चहा ठेवला, साखर दोनदा टाकली. मग चुलीकडे बघतच म्हणाली, “पोरी, आईचं विरजण कवाच गेलं.”

आजी गेल्यानंतरच्या श्रावणात मावशी नागपंचमीला शिराळ्याला नणंदेकडे गेली होती. परत आली तर गाडग्यात लांब केसांची काळी बुरशी. शेजारच्या सुगलाबाईंकडून वाटीभर विरजण आणलं आणि संसार पुढे चालू झाला.

“पण आईकडे तर आजीचं आहे ना, लग्नातलं?”

“कुठलं! तुझ्या वक्ताला आक्का बाळंतपणाला दवाखान्यात हुती, तवा तुमच्या घरचं पार नासलं. मग मीच न्हेऊन दिलं. सुगलाबाईचंच. आक्काला वाटलं, लग्नातलं आईचंच हाय. मी म्हटलं, वाटू दे.” पदराने कपाळ पुसलं तिने. “सांगू नगंस गं. लय लागंल तिला.”

म्हणजे मी ज्या दह्यावर वाढले, ते विरजण माझ्याच वयाचं. आणि ते सुगलाबाईंचं.

मला गप्प बसवेना. मावशी नको नको म्हणत असताना मी शेजारी गेले. सुगलाबाई अंगणात सुपात बेदाणा निवडत होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, बोलण्यात मधूनच कानडी. मी विचारलं, तुमचं विरजण मूळ कुठलं?

“आता गं बाई! सोयरीक जमवायला आलीस काय दह्याची?” त्या हसल्या. “मी अथणीकडनं लग्न करून आले, तवा माझ्याकडं काय हुतं? तुझ्या आज्जीनंच दिलं की पैलं विरजण. ह्या भिंतीवरनं.”

मी मावशीकडे धावणारच होते.

“पर खरं सांगू का,” सुगलाबाई पुढे म्हणाल्या, “मधी एकदा मांजरानं समदं चाटलं. तवा डेअरीच्या पिशवीतलं घातलं हुतं. का त्ये आदी, का मावशीला दिल्यावर, आता काय ध्यानात न्हाई बघ.”

झालं! आजीचं असेलही, नसेलही. तसंही दह्यातला जिवाणू तासाभरात दुणावतो. इतक्या वर्षांत त्यांच्या पिढ्या किती झाल्या, हवेतून, भांड्यातून, हातांतून नवे किती आले, कुणी धरून ठेवलंय? आजीने स्वतः लावलेल्या दह्यातसुद्धा दुसऱ्या दिवशी कालचेच जिवाणू होते असं म्हणता येतं का? रात्रभर मला हे सुटलं नाही. आणि त्याहून अवघड म्हणजे आईला काय सांगायचं. न सांगितलं तर ती आनंदाने विरजण घालेल, जुनं टाकेल, सोमवारी खानावळीत दही जाईल. सांगितलं आणि ती हटून बसली तर गिऱ्हाईक जाईल. मी कॉलेजात असताना भाषणात म्हणायचे, खरं कळलं की माणूस शहाणा होतो. तासगावच्या अंथरुणात मला त्याची खात्री वाटेना.

रविवारी परतीला गाडी सांगलीवरून धरली. जरा लांब पडतं, पण भडंग घेता येतं. घ्या, लसूण जास्त असलेलं मागा. विरजणाचा डबा न्यायचा असेल तर तो अर्धाच भरा, फडक्यात घट्ट बांधा आणि मांडीवर सरळ धरा, इंजिनाजवळ ठेवू नका. कंडक्टरने विचारलंच.

“ताई, डब्यात काय सोनं हाय का?”

“दही आहे.”

“आवं, कराडात दही मिळंना व्हय?”

मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, “तिला ठावं हाय रं, तू तिकिटं फाड.” आख्खी गाडी हसली. मला मात्र काहीच ठावं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा आईने दूध तापवून कोमट करून ठेवलं होतं. तिने डबा उघडला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. “आईच्या घरचा वास.”

तिथेच सांगितलं. श्रावणातली बुरशी, माझ्या वेळचं तिचं बाळंतपण, सुगलाबाई, भिंत, मांजर, पिशवी, सगळं. मावशीचा शब्द मोडला. आई दुधाच्या पातेल्याकडे बघत राहिली. दूध निवत चाललं होतं, आणि ते निवलं की उद्याचं दही गेलं, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

“पिशवीचं कशाला सांगितलंस?” ती शेवटी म्हणाली. “बाकीचं चाललं असतं.”

“मला अर्धं सांगायचं नव्हतं.”

“शिकलेली,” ती म्हणाली. शिवी दिल्यासारखं, पण अगदी शिवीही नाही. मग तिने डब्यातलं चमचाभर दही दुधात घातलं, ढवळलं, पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळलं. जुन्या गाडग्याकडे मात्र तिने बघितलं नाही. “त्ये तूच ओत जा. माझ्यानं व्हायचं न्हाई.”

सकाळी दही घट्ट लागलं होतं. चमचा उचलला, तार नव्हती. खानावळवाल्या काकांनी बरणी ठेवून घेतली. ऊब होती म्हणून, भांडं वेगळं होतं म्हणून, की विरजण बदललं म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही. आईने विचारलं तर मी तसंच सांगणार आहे. मावशीला फोन करायचाय, तोही धीर अजून झालेला नाही.

जुनं विरजण मात्र मी रविवारी संध्याकाळीच परसातल्या कढीपत्त्याच्या मुळाशी ओतलं, एक थेंबही मागे ठेवला नाही, आणि मातीत मुरलेलंही उरू नये म्हणून गाडगं फोडून टाकलं.