अंडीताईंचा घमघमाट

बेकरीत काम करणाऱ्या माणसाच्या अंगाला ताज्या पावाचा खमंग वास येत असेल, असं ज्यांनी बेकरी फक्त काउंटरच्या बाहेरून पाहिली आहे त्यांना वाटतं. त्यांना आतलं अंड्यांचं टेबल ठाऊक नसतं. एकेक अंडं कडेवर टिचकवायचं, आधी वाटीत पाडून बघायचं, चांगलं निघालं तर पातेल्यात ओतायचं आणि टरफल बादलीत टाकायचं. सकाळी बसलं की दुपार कलेपर्यंत हेच. ताईंनी हे काम धरलं तेव्हा त्यांची वेणी कमरेपर्यंत होती. आता तिचा लिंबाएवढा अंबाडा झाला होता, तरी ताई त्याच टेबलाशी होत्या. बेकरीत त्यांना सगळे अंडीताई म्हणत, आणि त्यांनीही ते नाव कधी मनाला लावून घेतलं नाही.

मनाला लागायचा तो वास. कच्च्या अंड्याचा वास हा फार चिवट प्रकार आहे. लिंबू चोळा, राखेने घासा, दोनदा साबण लावा, तो नखांत आणि केसांत दबा धरून बसतो आणि बसमध्ये खिडकी बंद झाली की बाहेर येतो. ताईंच्या शेजारची जागा बसमध्ये नेहमी सर्वांत शेवटी भरायची. वडील लवकर गेले, धाकट्या भावाला वाढवायचं होतं, म्हणून ताई बेकरीत आल्या होत्या. एकदा एक स्थळ सांगून आलं होतं. माणूस बरा होता, दोनदा हसलाही होता. पण त्याच्या आत्याने बसल्या बसल्या नाक उडवून विचारलं, की घरात कुठे अंडी फुटलीत का. झालं. पुन्हा निरोप आला नाही. ताई त्या रात्री रडल्या आणि सकाळी उठून टेबलाशी जाऊन बसल्या, कारण भावाची शाळा चालू होती.

पुढे भाऊ शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. आता त्याच्याच घरात मागची खोली ताईंची होती. भावजय वाईट नव्हती. फक्त तिने ताईंचा टॉवेल, ताईंची उशी आणि ताईंचे कपडे वाळत घालायची दोरी असं सगळं वेगळं ठेवलं होतं, आणि ते इतक्या गोड बोलून ठेवलं होतं, की भांडायला जागाच नव्हती.

एक दिवस भट्टीच्या दुरुस्तीसाठी बेकरी दुपारीच बंद झाली. हातात रिकामा वेळ म्हणजे काय हे ताईंना माहीतच नव्हतं, म्हणून त्या नुसत्या बाजारातून चालत राहिल्या आणि एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानाच्या थंडगार दारातून आत गेल्या. तिथल्या मुलीने न विचारताच त्यांच्या मनगटावर फुस्स करून काहीतरी मारलं. ताईंनी मनगट नाकाशी नेलं आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. व्हॅनिला. गोडमिट्ट, दाट, अख्खं दुकान भरून उरेल असा.

आता केकमध्ये व्हॅनिला कशासाठी घालतात? गिऱ्हाइकाला वाटतं, चवीसाठी. बेकरीतल्या कुणालाही विचारा, तो सांगेल, अंड्याचा वास मारायला. इतकी वर्षं ताई हे डोळ्यांसमोर बघत होत्या आणि केकला जे लागू पडतं ते आपल्यालाही पडेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दुकानातली मुलगी म्हणाली, की हा जरा तरुण मुलींचा आहे आणि फार उग्र आहे, एक थेंब पुष्कळ होतो. ताईंनी आयुष्यभर थोडक्यात भागवलं होतं. यात मात्र भागवायचं नाही, असं त्यांनी तिथेच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ताई बेकरीत शिरल्या आणि त्यांच्या आधी त्यांचा घमघमाट शिरला.

मग जे व्हायचं ते झालं. एका बाटलीवरून बेकरीत सरळ दोन तट पडले. पॅकिंगच्या मुली ताईंच्या बाजूच्या. त्या येता-जाता ताईंच्या खांद्याशी नाक नेऊन हुंगायच्या आणि दुकानाचा पत्ता मागायच्या. व्हॅनवाल्याचं म्हणणं, ताई एकदा गाडीला टेकून उभ्या राहिल्या तर दिवसभर गाडी कशी लग्नघरासारखी वाटते. उलट हिशेबनीस शिंकून शिंकून बेजार झाला आणि या वयात हे काय खूळ, असं ताईंना ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाला. घरी भावजयीचं डोकं दुखायला लागलं. तिचं डोकं इतकं वक्तशीर होतं, की ताईंनी फाटक उघडलं की ते दुखायचं. भाऊ दोघींच्या मधे मूग गिळून बसला. बसमध्ये तर रोजचा कौल वेगळा. कुणी खिडकी उघडायची, तर एक म्हातारी मुद्दाम मागून उठून ताईंच्या शेजारी येऊन बसायची.

ताईंना या सगळ्याची गंमतच वाटत होती. त्या अंड्याच्या वासाबद्दल लोक इतकी वर्षं तोंडावर काही बोलत नव्हते, नुसते सरकून बसत होते. आता बोलत तरी होते. नाकावर टिच्चून ताई रोज सकाळी दोन फुसकारे गळ्याला आणि एक केसांना मारत होत्या.

एकच माणूस काही बोलला नव्हता, आणि ताईंना त्याच्याच मताची किंमत होती. मिश्रणावरचे उस्ताद. सत्तरीला टेकलेले, बोटं अजून लोण्यासारखी मऊ चालायची. त्यांच्या कामाची एक रीत होती. अंडी-साखर फेसून झाली, लोणी पडलं, मैदा कालवला, की सर्वांत शेवटी ते स्वतः व्हॅनिलाचा अर्क घालायचे, भांड्यावर वाकून एक दीर्घ श्वास घ्यायचे आणि कालथा भांड्याच्या कडेवर टक्कन वाजवायचे. तो आवाज झाल्याशिवाय एकही साचा भरला जायचा नाही. त्या नाकाला सगळी बेकरी मानायची. पण ताईंच्या व्हॅनिलाबद्दल या नाकाने चकार शब्द काढला नव्हता. ताईंना वाटायचं, आवडला नसेल आणि भिडेपोटी बोलत नसतील.

आणि मग एका शाळेच्या समारंभाचे केक परत आले. सगळेच्या सगळे. मुलांनी एकेक घास घेऊन बाजूला ठेवले होते आणि एका बाईंनी फोनवर विचारलं होतं, की हा केक आहे की ऑम्लेट. मिश्रणात व्हॅनिला पडलाच नव्हता.

मालकीणबाईंनी सगळ्यांना भट्टीसमोर गोळा केलं. त्या आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांची जास्त भीती वाटायची. त्यांनी उस्तादांना विचारलं, आणि उस्ताद जमिनीकडे बघत म्हणाले, "वास तर येत होता. म्हटलं, अर्क पडलाय. आता तो हिच्या अंगाचा असेल, तर मी काय करणार?"

सगळ्यांच्या माना ताईंकडे वळल्या. हिशेबनीस तर असा शिंकला, की जणू साक्षच दिली. मालकीणबाई म्हणाल्या, की ताई जुन्या आहेत म्हणून एवढ्यावर सोडते, पण सेंट आजपासून बंद. पुन्हा एक जरी खेप अशी गेली, तर अंड्यांच्या टेबलावर दुसरी बाई बघावी लागेल. ताई हो म्हणाल्या. त्या मुळात बेकरीच्या बाई. वाया गेलेल्या केकचा ढीग बघून त्यांनाच सर्वांत जास्त हळहळ वाटली होती. घरी जाऊन त्यांनी बाटली कपाटात साड्यांच्या मागे ढकलली. भावजयीचं डोकं त्या संध्याकाळपासून दुखायचं थांबलं. बसमधली म्हातारी दुसऱ्या दिवशी आली, बसली, आणि पुढच्या थांब्यावर उठून दुसरीकडे गेली. त्याचं मात्र ताईंना फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. पॅकिंगच्या मुली चहाला गेल्या होत्या. उस्तादांनी मैदा कालवला, भांड्यावर वाकले, दीर्घ श्वास घेतला. ताई शेजारच्या टेबलाशी अंडी फोडत होत्या. त्यांच्या अंगाला आज अंड्याशिवाय कसलाही वास नव्हता. आणि भांड्यातूनही कच्च्या पिठाशिवाय कसलाही वास येत नव्हता. अर्काची बाटली फळीवर बूच लावून तशीच उभी होती.

उस्तादांनी कालथा उचलला.

ताई देवमाणूस नव्हत्या. त्यांच्या मनात चटकन आलं, की वाजू दे कालथा. भरू देत साचे. सेंट तर बंद आहे, आता बघू कुणावर खापर फोडतात ते. गप्प बसण्यापलीकडे त्यांना काहीच करायचं नव्हतं. एका दुपारी सगळी बेकरी त्यांची माफी मागत आली असती. पण उस्तादांच्या भांड्यातली अंडी सकाळपासून त्यांनीच फोडली होती, एकेक बघून घेतलेली. ती पुन्हा कचऱ्यात जाणार, हे त्यांना बघवेना. त्या उठल्या, बाटली फळीवरून काढली आणि उस्तादांच्या हाताशी ठेवली.

"हे राहिलंय, उस्ताद."

उस्तादांनी बाटलीकडे पाहिलं. बूच काढून नाकाशी नेली, अगदी टेकवली. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्या अर्काने भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. ताईंच्या सगळं लक्षात आलं.

"तुम्हाला वासच येत नाही?"

"मागे तो ताप आला होता ना," उस्ताद हळूच म्हणाले, "त्यानंतर गेला. पूर्वी अर्क राहिला तर नाकच आठवण द्यायचं. आज येईल, उद्या येईल म्हणत होतो."

"आणि माझा सेंट?"

"पोरी बोलायच्या, त्यावरून कळलं तू काही लावतेस म्हणून."

ताईंच्या अंगाची लाही लाही झाली. सगळ्यांसमोर या माणसाने त्यांच्यावर आळ घेतला होता, तोही न आलेल्या वासाचा. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. पण समोर एक म्हातारा उघडी बाटली हातात धरून उभा होता. ताई एवढंच म्हणाल्या, "माझ्याकडे ती एकच गोष्ट होती, उस्ताद." आणि परत टेबलाशी जाऊन बसल्या. त्या दिवशी अंडी जरा जोरातच फुटली.

उस्तादांनी मोजून अर्क घातला, कालथा वाजवला. मग हात धुतले आणि सरळ मालकीणबाईंच्या खोलीत गेले. पण दार लावून घेतलं नाही. उलट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, की त्यांना वास येत नाही, शाळेच्या केकचा घोटाळा त्यांचा आहे, आणि ताईंवर घेतलेला आळ खोटा आहे. सेंट बंद झाल्यावरही शिंकत राहिलेला हिशेबनीस शिंकायचा थांबला.

मालकीणबाई पेचात पडल्या. वास न येणारा उस्ताद म्हणजे बेकरीला परवडणारी गोष्ट नव्हती, आणि त्या बोटांसारखी दुसरी बोटं कुठून आणायची, हाही प्रश्न होताच. तेवढ्यात उस्तादच म्हणाले, "हात माझे चालतात अजून. नाक हिचं घ्या. आज हिने नसतं सांगितलं, तर दुसरी खेप गेली असती. अंडी काय, कुणीही शिकेल."

असा ताईंचा मुक्काम त्या टेबलावरून हलला. मालकीणबाईंनी त्यांना उस्तादांच्या शेजारी मिश्रणावर घेतलं, आणि भरपाई म्हणून वर सांगितलं, की ताई, तुमचा सेंट तुम्ही खुशाल लावा. पॅकिंगच्या मुलींनी टाळ्याही वाजवल्या. ताईच म्हणाल्या, की नको. ज्या नाकावर खेप सोडायची, ते नाक व्हॅनिलात बुडवून कसं चालेल?

"कामावर नाही लावणार," त्या म्हणाल्या. "सुटल्यावर लावीन. पण मग कुणी थेंब मोजायचे नाहीत."

घरी हे सगळं ऐकून भावजय मनापासून खूश झाली. मग तिने नेमका मुद्दा काढला. "वन्सं, आता अंडी सुटली म्हणजे वासही सुटला. मग ती बाटली कशाला हवी?" बोलण्यात तथ्य होतं. ताईंनी रात्री साड्यांमागची बाटली काढून हातात धरली, पुष्कळ विचार केला, आणि सकाळी ती पिशवीत टाकली. कशाला, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

मिश्रणावरचा पहिला दिवस संपला. सगळे निघाले. ताईंनी अॅप्रन खुंटीला अडकवला, हात हुंगून पाहिले. साबणाचा वास येत होता, फक्त साबणाचा. त्यांनी बाटली काढली आणि एक फुसकारा गळ्याला, एक मनगटाला मारला. दारात उस्ताद चपला घालत होते. ते थांबले.

"कसा आहे गं तो वास?" त्यांनी विचारलं. "मला तर आता कळायचा नाही."

ताई सांगायला लागल्या, की भावजय म्हणते डोकं उठतं, व्हॅनवाला म्हणतो लग्नघरासारखा आहे, हिशेबनीस म्हणतो...

"त्यांचं नाही विचारलं," उस्ताद म्हणाले. "तुला कसा वाटतो?"

ताई बाटली हातात धरून उभ्या राहिल्या. बेकरीत, बसमध्ये, घरात त्या वासावर जो तो बोलला होता, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. त्या तर अंड्याचा वास मारत होत्या. त्यांनी मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि जरा वेळ घेतला. घाई कसली होती?

"मला आवडतो," त्या म्हणाल्या. "फार आवडतो."

उस्तादांनी मान डोलावली आणि दुसऱ्या पायात चप्पल घातली. ताईंनी आणखी एक फुसकारा केसांना मारला, बाटली पिशवीत टाकली आणि त्या बसकडे निघाल्या. त्या दिवशी शेजारी कोण येऊन बसलं आणि कोण उठून गेलं, हे बघायचं ताई विसरल्या.