उशिरा शिवलेला झेंडा

राजशिष्टाचार खात्याच्या मागच्या जिन्याखाली एक लांबट खोली होती. तिथे ताईंचं शिलाई मशीन. परदेशी पाहुणे आले की त्यांच्या देशाचे झेंडे शिवायचे, वाऱ्याने उसवलेल्या कडांना पट्टी लावायची, हे त्यांचं काम. कुठल्या देशाचा निळा किती गडद, ते त्या कापड नुसतं उजेडात धरून सांगत. ज्या देशाशी लढाई झाली होती, त्याच्या झेंड्याचा नमुना मात्र कपाटाच्या तळाशी गेला होता. भांडारवाले म्हणत, तेवढाच एक झेंडा कमी, दोरा वाचला. ताई त्यावर हसत नसत. त्यांचा धाकटा भाऊ त्याच देशात पुरलेला होता.

त्या लढाईत आपला देश धरून तीन मित्रदेश एका बाजूने उतरले होते. लढाई थांबल्यावर घरी पत्र आलं की भाऊ नदीकाठच्या दफनभूमीत आहे, अकराव्या ओळीत. आईने पत्र उशीच्या अभ्र्यात ठेवलं. एकदा मला तिथे नेऊन आण, एवढंच तिचं मागणं. पण दोन्हीकडच्या वकिलाती बंद होत्या आणि आपल्या पासपोर्टवर तो देश सोडून इतर सगळीकडे जायची मुभा होती.

लढाईनंतर नवव्या वर्षी तिन्ही मित्रदेशांची बैठक शहरात भरली. टेबलावरचे झेंडे सरळ करून ताई शेजारच्या खोलीत इस्त्री घेऊन बसल्या. चहा नेणारे आतलं बोलणं बाहेर आणत होते. थोरला मित्रदेश म्हणाला, झालं गेलं पुरे, आम्ही राजदूत पाठवतो. दुसरा म्हणाला, आधी व्यापाराची कचेरी उघडू, मग बघू. आपले मंत्री म्हणाले, त्यांनी आधी माफी मागावी. दुपारपर्यंत आवाज चढलेले होते. संध्याकाळच्या निवेदनात मात्र तिघांचं एकमत झाल्याचं छापून आलं.

रेडिओवर मंत्री म्हणाले, आमच्या जवानांच्या रक्ताशी आम्ही सौदा करणार नाही. आई कान देऊन ऐकत होती.

"म्हणजे आपल्याला जाता येणार की नाही?"

"नाही, आई."

"मग ज्यांची मुलं गेली, त्यांना विचारलं का कुणी?"

ताई भाजी चिरत राहिल्या.

थोरल्या मित्रदेशाच्या वकिलातीतला ड्रायव्हर झेंडे न्यायला यायचा. त्याचाही भाऊ त्याच दफनभूमीत होता. पुढच्या वर्षी त्यांच्या देशाची तिकडची वकिलात उघडली आणि तो बायकोला घेऊन तिकडे गेला. तुमच्या भावालाही भेटून येतो, असं जाताना सांगून गेला. परत आला तो दाराशीच उभा राहिला. तिकडच्या त्यांच्या वकिलातीने त्यांच्या माणसांसाठी दगड बसवले होते, गवत कापलेलं होतं. आपल्या बाजूच्या लाकडी पाट्या कुजून पडल्या होत्या.

"ताई, मी ओळी मोजल्या हो," तो म्हणाला. "अकरावी कुठली तेच कळेना. नुसतं गवत आहे."

घरी जाऊन ताईंनी आईला सांगितलं की पाटी नीट आहे, नाव स्वच्छ वाचता येतं, वर झाडाची सावली आहे. झाड त्यांच्या तोंडून आपोआप निघालं. मग आई अधूनमधून त्या झाडाचं विचारू लागली. केवढं झालं असेल, पानं गळतात का. ताई दरवेळी काहीतरी सांगत. आयुष्यात त्या फारसं खोटं बोलल्या नव्हत्या. ते झाड मात्र त्यांनी चार वर्षं वाढवलं. पाचव्या वर्षी आई गेली.

आणखी तीन वर्षांनी सरकार बदललं आणि त्या देशाशी संबंध जोडायचं ठरलं. माफीचं कुणी नावही काढलं नाही. ताईंकडे हुकूम आला: चार दिवसांत चाळीस झेंडे. भांडारवाले बिचकतच म्हणाले, दुसऱ्या कुणाला देऊ का? ताईंनी नको म्हणून मान हलवली आणि नमुना बाहेर काढला. घडीवर रंग उडाला होता. चाळीसही झेंडे त्यांनीच शिवले. एकाचीही कड वाकडी गेली नाही. मग रजेचा अर्ज टाकला आणि जवानांच्या नातेवाइकांच्या पहिल्याच बसमध्ये बसल्या.

दफनभूमी उघडी, सपाट होती. आसपास एकही झाड नव्हतं. राखणदार म्हातारा एका पायाने लंगडत होता. तोही लढाईत होता, पलीकडच्या बाजूने. दुभाषी मुलगी मध्ये उभी राहिली. तो म्हणाला, पाट्या कुजायला लागल्या तेव्हा मी तुमच्या सरकारला तीन पत्रं लिहिली. तिन्ही न फोडता परत आली.

 कुणावर चिडावं, ते ताईंना सुचेना.

म्हाताऱ्याने झोपडीतून एक वही आणली. आपली लिपी त्याला येत नव्हती, तरी पाट्या पडण्याआधी त्याने सगळी नावं एकेक अक्षर बघून चितारली होती. कोण कुठे पुरलाय, ते मात्र नदीच्या पुरात ओळी पुसल्या गेल्यावर कळेनासं झालं होतं. ताईंनी पानं उलटली. सहाव्या पानावर भाऊ होता, एक मात्रा राहिलेला. ताईंनी पेन्सिल मागून मात्रा दिली आणि नाव वाचून दाखवलं. म्हाताऱ्याने म्हणून बघितलं. चुकलं. ताईंनी पुन्हा सांगितलं, सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं. बसवाला हॉर्न देत होता. म्हातारा ओठ हलवत तेवढं एकच नाव पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि ते बरोबर येईपर्यंत ताई जागच्या हलल्या नाहीत.