वाकळीजोगं लुगडं

आचऱ्यात कुणाला वाकळ शिवून हवी असली, की बाया घरातली जुनी लुगडी बोचक्यात बांधून हौसाबाईकडे यायच्या. ती आधी प्रत्येक लुगडं उजेडाकडे धरून बघायची, मग गालाला लावायची. गालाला लावल्याशिवाय तिला कापड कळत नसे. त्यातलं धडसं ती वाकळीच्या वरच्या अंगाला घ्यायची, विरलेलं पोटात घालायची आणि आठ-दहा दिवस ओटीवर बसून शिवत राहायची. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. दोन पावसाळे काढलेली तिची वाकळ पहिल्यापेक्षा मऊ लागते, असं गावात म्हणत.

तिचा नवरा परशुराम मुंबईला गिरणीत होता, साचेखात्यात. म्हणजे मागावर कापड विणायचं त्याचं काम. मे महिन्यात तो बोटीने मालवणला उतरायचा आणि ट्रंकेत सगळ्यात वर हौसाबाईसाठी लुगडं असायचं, त्याच्याच गिरणीचं. शेजारणी ते हातात घेऊन बघायच्या. परशुराम ओटीवर बिडी ओढत दुसरीकडे बघायचा, पण कान तिकडेच असायचे.

असं लुगडं तीन-चार वर्षं सणावाराला आणि बाजाराला नेसलं जाई. मध्ये विरलं की हौसाबाई दंड घालायची. विरलेला भाग कापून दोन्ही टोकं जोडायची. मग ते शेतात नेसायला. लावणीचे आणखी दोन-तीन हंगाम झाले, की ते वाकळीला यायचं, आणि तोवर इतकं मऊ झालेलं असायचं की सुईला जोर लागत नसे.

बासष्ट सालच्या मे महिन्यात परशुरामने आणलेलं लुगडं मात्र वेगळं होतं. कोरं असताना ते कागदासारखं करकरीत होतं, वर चकाकी होती. हौसाबाईने ते विहिरीवर पहिल्यांदा भिजवलं तेव्हा बादलीतलं पाणी पेजेसारखं पांढरं झालं. वाळत घातल्यावर तिने मागे हात धरला, तर पाची बोटं दिसली. पण नवऱ्याने एवढ्या लांबून आणलेलं, त्याला नाव कसं ठेवायचं?

पुढच्या मे महिन्यात तो आला आणि तेच लुगडं नेसून ती परड्यात भाजीला पाणी घालत होती. परशुरामची नजर त्यावरच्या शिवणीवर गेली.

"ह्या गेल्या वरसाचा ना गो? येका वरसात दंड?"

"फाटला. काय करतलंय?"

"कशात तरी अडकला असात."

"खंय अडकूक नाय. खळीन ताठ होता इतक्याच. खळ गेली, मागे काय रवला? तुमच्या गिरणीत सूत कमी घालतत."

परशुरामचा चेहरा उतरला. "तीस वरसा साच्यार उभो आसय मी. तू माका सूत शिकवतंस?" एवढं म्हणून तो आत गेला. हौसाबाईला वाटलं, उगाच बोलले.

दुपारी ती ताटं घासून आली तर तो उंबऱ्यावर बसला होता. मांडीवर तेच लुगडं, आणि डोळ्याला धागे मोजायची, पितळी चौकटीत मिटणारी छोटी काच. नखाने एकेक धागा पुढे सारत तो मोजत होता. दोन ठिकाणी मोजलं. मग काच घडी करून खिशात टाकली.

"तू म्हणतंस ताच खरा," तो हळू म्हणाला. "इंचाक आडवे धागे कमी केलेत. दोन वरसा झाली. माका साच्यार रोज दिसता."

"मग सांगूक नाय कोणाक?"

"जॉबराक, आमच्या खात्याच्या मुकादमाक, सांगलंय. तो म्हणता, वरचो हुकूम आसा. आनी तुका कसा सांगू? तू ता लुगडा नेसान देवळात जातंस."

हौसाबाई त्याच्या शेजारी बसली. लुगड्याची घडी घालता घालता म्हणाली, "तुमी आणलात म्हणान नेसतंय. तुमच्यार राग नाय माझो."

चौसष्ट साली परशुराम गिरणी सोडून कायमचा घरी आला. साच्यांच्या खडखडाटाने त्याचे कान मंद झाले होते. हौसाबाई त्याच्याशी बोलली की चार घरांना ऐकू जायचं. वर्षभराने त्यांची मुलगी सुगंधा कसालहून बाळंतपणाला आली. बाळासाठी लहान वाकळ शिवायची म्हणून हौसाबाईने कपाट उघडलं आणि तिथेच उभी राहिली. वाकळीजोगं एकही लुगडं घरात नव्हतं. जुनी होती ती मागेच संपली होती, आणि अलीकडची मऊ होण्याआधीच फाटून चुलीकडची फडकी झाली होती. सुगंधा म्हणाली, "माझ्यो दोन नायलॉनच्यो साड्यो आसत, त्यो घे."

"पोराचो घाम तरी पुसूक येयत काय तेंनी?" हौसाबाई म्हणाली आणि शेजारच्या शेवंतीकडे गेली.

शेवंतीने फडताळातून एक लुगडं काढलं. हिरवं, दोन दंड घातलेलं, काठाचा रंग गेलेला. "सासूचा माझ्या. घे," ती म्हणाली. "माझ्या पोरांका तूच शिवलंस ना?"

घरी आणल्यावर परशुरामने ते हातात घेतलं. काठ उलटा करून बघितला, खिशातून काच काढली आणि बराच वेळ मोजत बसला.

"ह्या आमच्या खात्यातला," तो म्हणाला. "अठ्ठेचाळीस सालच्या आसपासचा. मियाच विणलेला असात."

मुंबईत तसले साचे हजारो, हे हौसाबाईला ठाऊक होतं. तरी ती त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "असात, असात."

त्या वाकळीला सुईत दोरा ओवून देण्याचं काम परशुरामने केलं, रोज, पाचव्या दिवशी वाकळ पुरी होईपर्यंत. सुगंधाला मुलगी झाली. सव्वा महिन्याने ती कसालला गेली, तेव्हा तिच्या सासूने, सीताबाईने, वाकळ हातात घेऊन बघितली आणि आपल्यालाही एक शिवून द्या म्हणून निरोप धाडला. सोबत तीन लुगडी होती. हौसाबाईने ती उजेडाकडे धरली आणि त्यातली विरळ विणीची दोन परत पाठवली. तिसऱ्याच्या जोडीला तसंच जुनं, दाट विणीचं लुगडं शोधायला मग ती आणि परशुराम मिळून अख्खी वाडी हिंडले.