दोन दारांचा हॉल

स्क्रीनचा लांबलचक खोका आम्ही नुकताच हॉलमध्ये आडवा टाकला होता. तेवढ्यात राजेंद्र काकड आत आले आणि म्हणाले, "मॅडम, वायर माझ्या बाजूने घेऊ नका. ते दार बुजवायचंय. गवंडी सांगून ठेवलाय."

मी दाराकडे पाहिलं. चांगलं सागवानी दार होतं. वर्षाचंही झालं नसेल. पॉलिशचा वास अजून जात नव्हता.

आठवड्यापूर्वी मी साइट बघायला आले होते तेव्हा दार बुजवायचा विषय नव्हता. इलेक्ट्रिक पॉइंट, अर्थिंग, अ‍ॅम्प्लिफायर ठेवायचा कोनाडा, सगळं त्याच दाराशेजारी ठरलं होतं. आता दारच जाणार म्हणजे सगळं वायरिंग पलीकडच्या भिंतीवर न्यायचं. मी विचारलं, काही अडचण आहे का? ते म्हणाले, "अडचण काही नाही. प्रोजेक्टर आमच्या तात्यांसाठी आहे, थोरल्या भाऊंचं घर बघेल. आमचा काही संबंध राहणार नाही."

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. मी तेव्हा नाशिकमध्ये शरणपूर रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नोकरीला होते. डिप्लोमा करून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे लागले. तेव्हा काम म्हणजे टीव्ही विकायचा आणि गच्चीवर जाऊन अँटेना लावायचा. मी वर अँटेना फिरवायची, खालून कोणीतरी ओरडायचं, "मुंग्या गेल्या, गेल्या... आता परत आल्या." पाचवारी साडी नेसलेल्या आजीबाई जिन्यापर्यंत येऊन बघून जायच्या, की खरंच बाई वर चढली आहे का. मग केबल आली, सीडी आल्या, आणि मग होम थिएटर. ज्याचा बंगला नवा, त्याला एक खोली सिनेमाची हवी असायची. त्या खोल्या लावायचं काम शेठने माझ्याकडे दिलं.

काकडांची खोली मात्र वेगळी होती. इंदिरानगरच्या मागे तेव्हा अजून शेवंतीचे आणि झेंडूचे मळे शिल्लक होते. त्यातला एक काकडांचा. थोरले अशोकभाऊ आणि धाकटे राजेंद्र या दोघा भावांनी मळ्याच्या कडेला जोडबंगला बांधला. दोन घरं, दोन स्वयंपाकघरं, पण मध्ये एक मोठा हॉल सामायिक. हॉलला दोन दारं. एक थोरल्याच्या घरात उघडायचं, एक धाकट्याच्या. हॉल वडिलांचा, म्हणजे तात्यांचा. संध्याकाळी दोन्ही घरांनी तिथे जमायचं, अशी तात्यांची अट होती. पूर्वी जुन्या घरात त्यांचा एकच टीव्ही होता आणि आसपासच्या मळ्यांतली माणसं ओसरीत बसून बघायची. तसंच पुन्हा व्हावं असं त्यांच्या मनात होतं.

घर पूर्ण झालं आणि काही महिन्यांत तात्यांना पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं सावकाश झालं, पण शाबूत राहिलं. पलंग हॉलमध्येच टाकला, डोकं मागच्या भिंतीला, पाय पुढे. त्यांच्या उजव्या हाताला थोरल्याचं दार, डाव्या हाताला धाकट्याचं. समोरच्या भिंतीवर आम्हाला स्क्रीन लावायची होती. कल्पना राजेंद्र यांचीच. तात्यांना पडल्या पडल्या मोठं चित्र दिसेल, आणि दोन्ही घरं पुन्हा एका खोलीत बसतील.

मग दार बुजवायचं कुठून निघालं, ते मला थोरल्या वहिनींनी सांगितलं. वैशालीवहिनी शाळेत शिक्षिका होत्या. चहा घेऊन आल्या आणि कप खाली ठेवता ठेवता हळूच बोलल्या. झटक्याच्या आधी आठ-पंधरा दिवस राजेंद्र आणि तात्यांचं वाजलं होतं. मळ्याचा शेवटचा तुकडा बिल्डरला द्यावा असं राजेंद्र म्हणत होते. तात्या उठून निघून गेले होते. त्यानंतर झटका. दवाखान्यात राजेंद्र बाहेरच्या बाकावर बसून असायचे, आत जायचं धाडस होत नसे. घरी आणल्यावर मात्र रोज आपल्या दाराने येत, पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसत. तात्या एकदाही त्यांच्याकडे बघत नव्हते.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी इकडून हाक मारतात, तात्या तोंड तिकडे करतात. रोज. माणूस किती दिवस सहन करेल?"

मी बाहेर जाऊन दुकानात फोन लावला. वायरिंग बदलायचं म्हणजे भिंत फोडायची, एक दिवस वाढणार, हे शेठच्या कानावर घालणं भाग होतं. घरात काय चाललंय तेही थोडं सांगितलं.

शेठ म्हणाले, "ताई, आपण भिंतीला भोकं पाडतो. कोणती भिंत ते त्यांनी सांगायचं. घरच्या भानगडीत पडू नका."

शेठचं बरोबर होतं. मी परत आत गेले आणि आमचा फिटर निवृत्ती याला सांगितलं, वायरिंगला आज हात लावू नकोस. आधी तात्पुरती वायर टाकून चित्र बघू, जागा पक्की करू, मग भिंत फोडू.

प्रोजेक्टर लावणं म्हणजे लोकांना वाटतं छताला मशीन टांगलं की झालं. तसं नसतं. मशीन आणि पडदा यांच्यात ठरावीक अंतर लागतं. त्याला आम्ही थ्रो म्हणतो. अंतर वाढलं की चित्र मोठं होतं, पण फिकट पडतं. काकडांच्या हॉलमध्ये नेमका मध्ये एक आरसीसी बीम उतरला होता. मशीन छताला लागून लावलं तर पडद्याच्या वरच्या भागावर बीमची सावली. म्हणून पाइपने मशीन खाली सोडायचं. जास्त सोडलं तर पंख्याचं पातं प्रकाशात येतं. पश्चिमेला खिडकी होती, तिथून ऊन. तिला जाड पडदा. निवृत्ती शिडीवर, मी खाली, असं दुपारभर वर-खाली करून एकदाचं चित्र चौकटीत बसवलं.

तात्या हे सगळं बघत होते. मला "पोरी" म्हणायचे. मी त्यांच्या उजव्या बाजूला, थोरल्या दाराजवळ हत्यारं मांडून बसले होते, त्यामुळे आमच्या गप्पा चालल्या होत्या. ओसरीतल्या टीव्हीच्या, अँटेनावर बसणाऱ्या कावळ्यांच्या. मधेच म्हणाले, "धाकटा येत नाय आता. सूनबाई म्हणती रोज येतो. माझं मन राखायला म्हणती."

म्हातारपणी विसरत असतील, असंच मला वाटलं. वहिनींनाही तसंच वाटत होतं.

चित्र बसलं की आम्ही टेस्ट करतो. त्यासाठी दुकानाची एक डीव्हीडी असायची. लावली की पडद्यावर रंगांचे उभे पट्टे येतात. डावीकडून पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, वांगी, लाल, निळा. एखादा रंग मळकट दिसला तर केबल सैल आहे किंवा मशीनची सेटिंग बिघडली आहे, हे लगेच कळतं. राजेंद्र आपल्या दारात उभे राहून बघत होते. वहिनी पलंगाच्या पायथ्याशी होत्या. बघणार तात्या, म्हणून मी त्यांनाच विचारलं, रंग कसे दिसतात, सांगा बरं ओळीने.

तात्यांनी सावकाश सांगितलं. "हिरवा. मग वांगी. तांबडा. निळा."

मी म्हटलं, त्याच्या आधीचे?

"आधी काय नाय. हिरव्यापासून सुरू."

मला आधी मशीनचीच शंका आली. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला दिसत नाही म्हणजे मशीन बिघडलं, हीच सवय. मी केबल काढून पुन्हा लावली. दुसरी केबल लावली. पडद्याजवळ जाऊन बघितलं. सातही पट्टे स्वच्छ होते. मी विचारलं, तात्या, पिवळा कुठे दिसतो का? जन्मभर झेंडू आणि शेवंती पिकवलेला तो माणूस. त्यांनी पडदा निरखून पाहिला आणि म्हणाले, "पिवळा नाय यात."

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांच्याकडे. निवृत्तीने शिडीवरून मला खूण केली, की स्क्रीन उजवीकडे किंचित उतरली आहे, कोणीतरी खालून टोक धरा. मी राजेंद्र यांना म्हटलं, जरा या बाजूला येऊन दांडी धरता का?

ते पलंगाच्या पायथ्यावरून, पडद्यासमोरून चालत निघाले. डावीकडून उजवीकडे. अर्ध्या वाटेवर आले असतील, आणि तात्यांचा चेहरा एकदम बदलला.

"राजू," ते म्हणाले. "अरे, किती दिवसांनी आलास."

राजेंद्र तिथेच थांबले. रंगांचे पट्टे त्यांच्या शर्टवर पडले होते. म्हणाले, "मी रोज येतो, तात्या."

"कुठं येतो? मला दिसला नाय कधी."

मग वहिनी खाली बसल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, की ताटातली अर्धी बाजू तात्या तशीच ठेवतात. डाव्या बाजूची चटणी, कोशिंबीर कधी खातच नाहीत. आवडत नसेल म्हणून मी वाढायचंच सोडलं. राजेंद्र मात्र काही ऐकत नव्हते. ते तात्यांच्या उजव्या बाजूला येऊन पलंगाच्या कडेवर बसले होते, आणि तात्या चांगल्या हाताने त्यांचं मनगट चाचपत होते. मी निवृत्तीला खाली उतरायची खूण केली. आम्ही दोघं गच्चीवर जाऊन उभे राहिलो. समोर मळ्यात बायका शेवंती खुडत होत्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी आणि राजेंद्र मिळून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सांगितलं ते मला वहिनींनी नंतर समजावलं. डोळे चांगले आहेत. पण मेंदूला जो मार बसला त्यात डावीकडचं दिसणं गेलं, आणि मुख्य म्हणजे ते गेलंय हे पेशंटला स्वतःला जाणवत नाही. त्याच्यासाठी जगाला डावी बाजूच उरत नाही. तिकडून हाक आली तरी तो उजवीकडे शोधतो. दवाखान्यातून सोडताना नजरेवर परिणाम आहे असं सांगितलं गेलं होतं. घरच्यांनी त्याचा अर्थ नंबर वाढला असा घेतला आणि नवा चष्मा करून आणला होता.

आमचं काम मग नव्याने सुरू झालं. स्क्रीन भिंतीच्या मधोमध ठेवण्यात अर्थ नव्हता. ती उजवीकडे सरकवली, थोडी लहान घेतली, मशीनचा पाइपही सरकवला. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं, की माणसाला डावीकडे बघायची हळूहळू सवय लावा. म्हणून स्क्रीनच्या डाव्या कडेला मी लाल टेपची रुंद पट्टी लावली. काही बघायच्या आधी तात्यांनी मान वळवून लाल पट्टी शोधायची, मग चित्राकडे यायचं. सुरुवातीला चिडायचे. म्हणायचे, सिनेमा बघायचा का तुझी पट्टी बघायची?

वायरिंग मूळ ठरल्याप्रमाणे धाकट्या दाराशेजारूनच गेलं. गवंडी ठरल्या दिवशी आला, चहा पिऊन परत गेला.

काम संपल्यावर शेठ स्वतः बघायला आले. दारातूनच म्हणाले, "ताई, हे वाकडं लागलंय. भिंतीच्या मध्यावर नाही." मी म्हटलं, हो, वाकडंच लावायचं होतं. त्यांनी तात्यांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि चपला काढून आत आले.

त्यानंतर सर्व्हिसिंगच्या निमित्ताने मी बऱ्याचदा त्या घरी गेले. एकदा संध्याकाळी पोचले तर दोन्ही घरं हॉलमध्ये होती. कोणीतरी जुन्या हँडीकॅमची कॅसेट लावली होती. मळ्यातली शेवंतीची तोडणी, पाट्या भरून टेम्पोत चढवणं, मधेच तरुण दिसणारे तात्या कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत "बंद कर ते" म्हणताहेत. खोलीभर हसणं. राजेंद्र तात्यांच्या डाव्या बाजूला बसले होते, मुद्दाम, आणि अधूनमधून त्यांच्या खांद्याला हात लावून मान वळवायला लावत होते. मला जेवायला थांबवलं. त्या हॉलमध्ये बसून खाल्लेली बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत मला अजून आठवतं. प्रोजेक्टरच्या पंख्याची बारीक घरघर, चित्राचा निळसर उजेड सगळ्यांच्या तोंडावर.

तात्या पुढे बरीच वर्षं होते. डावी बाजू पूर्ण परत आली नाही, पण हाक आली की मान वळवायला शिकले. मळ्याचा शेवटचा तुकडा अखेर विकला गेलाच. त्यांच्या संमतीने. आता तिथे इमारत आहे. त्या प्रोजेक्टरचा दिवा पुढे मिळेनासा झाला आणि काकडांनी मोठा टीव्ही घेतला. मी आता स्वतःचं छोटं ऑफिस चालवते. घराघरात मोठे टीव्ही आहेत आणि माणसं आपापल्या मोबाइलमध्ये बघतात. एका खोलीत सगळ्यांना दिसेल असं चित्र लावून द्या, असं सांगणारं गिऱ्हाईक आता फार कमी भेटतं. भेटलं की मला बरं वाटतं.

माझ्याकडे नवीन लागलेल्या मुलामुलींना मी एवढंच सांगते, की टेस्ट करताना खोलीतल्या प्रत्येकाला विचारा, तुम्हाला काय दिसतंय. ते म्हणतात, मॅडम, त्यात वेळ जातो. मी म्हणते, जातो.